इंग्रजीतून नाव घेतलं त्याची हकिकत

तीर्थस्वरूप इंदुताईंना,

पंचफुलाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली अर्धाच नमस्कार होतो, उरलेला या पत्रातून पोचता झाला असं समजावं.) तुमचं बीपी कसं आहे? भाऊजींचा खोकला गेला का? नसेल गेला तर अडुळशाचा पाला पाठवते, फुलसावंगीला मिळत असला तरी आमच्या बांधावरचा जास्त कडू आहे आणि भाऊजींना कडू दिल्याशिवाय गुण येत नाही हे तुम्हीच सांगितलं होतं. इकडे ठीक आहे. तूर घरात आली. कापसाची शेवटची वेचणी आटोपली. म्हैस आटली आहे, त्यामुळे तिचा आणि माझा दोघींचा स्वभाव जरा सुधारला आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र काहून? तर ताई, फोनवर तुम्ही ‘हं, बोल’ म्हणता आणि लगेच फोन दिपालीकडे देता. दिपाली भाऊजींकडे देते, त्यांना ऐकू येत नाही, ते ‘बरं आहे, बरं आहे’ म्हणून बंद करतात. माझ्या कितीतरी बातम्या अशा ‘बरं आहे’वर संपल्या. आणि यावेळी मला तुमच्याकडे एक मागणं घालायचं आहे. ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर बाकीचं पत्र तुम्ही रागात वाचाल, आणि हे पत्र रागात वाचण्यासारखं नाही.

आधी बातमी. मी बी.ए. झाले. इंग्रजी वाङ्मय घेऊन. मी हे शिकायला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ‘काहून व, इंग्रजी शिकून का म्हशीले गुड मॉर्निंग म्हनशील?’ तर ताई, म्हणते. ती उत्तर देत नाही, पण आधीही देत नव्हती.

हे सगळं सुरू झालं वाचनालयातल्या एका कपाटापासून. तुम्हाला ठाऊक आहे, तुमचे भाऊ होते तोवर आठवडी बाजाराला बाभुळगावला गेले की येताना माझ्यासाठी पुस्तक आणत. स्वतः कधी वाचलं नाही. पुस्तक जाडीवरून निवडत. ‘हे तुले महिनाभर पुरते’ म्हणून ढेपेच्या पोत्यावर ठेवून देत. (त्यामुळे मी पुष्कळ पुस्तकं सरकीच्या वासासकट वाचली आहेत. अजूनही कुठे दुःखाचा प्रसंग आला की मला ढेपेचा वास येतो.) ते गेल्यावर काही दिवस मी काहीच वाचलं नाही. मग स्वतःच जाऊ लागले. वाचता वाचता मराठीची कपाटं संपली. संपली म्हणजे खरंच संपली, पाककृती आणि कुक्कुटपालनासकट. मी ग्रंथपाल सदाशिवरावांना म्हटलं, आता काय? ते म्हणाले, ‘वहिनी, आता ते एक इंग्रजीचंच राह्यलं.’ त्या कपाटाची चावी कुठे आहे ते कोणालाच आठवेना. शेवटी पान्याने कुलूप काढलं. आत कुंभारमाशीने मातीची घरं बांधून ठेवली होती, एका जाड कादंबरीच्या पाठीवर तर अख्खी वस्ती. सदाशिवराव दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, ‘वहिनी, म्या बी याच्या आत आजच पाह्यलं.’

मी तीच कादंबरी आणली, सवयीने, जाडीवरून. पहिलं पान सुरू केलं तेव्हा तुरीला फुलोरा होता. उलटलं तेव्हा शेंगा भरल्या होत्या. दर शब्दाला शब्दकोश बघायचा, तिथे दिलेला अर्थ मराठीत असून मला समजेना, म्हणून त्यासाठी दुसरा कोश. आणि एवढं करून त्या पानावर काय झालं होतं? एक बाई खिडकीशी बसली होती. बस्स. ताई, मी थक्क झाले. नुसतं बसण्याला एवढे शब्द! मी ओट्यावर किती वर्षं बसते आहे, माझ्या बसण्यावर कुणी दोन ओळी खर्चल्या नाहीत. मला वाटलं, जी माणसं बसलेल्या बाईकडे एवढं निरखून पाहतात त्यांचं सगळं वाचून काढलं पाहिजे. बारावी मी लग्नाआधीच झाले होते. बाहेरून बी.ए.ला बसता येतं आणि रविवारी बाभुळगावला वर्ग असतात, हेही सदाशिवरावांनीच सांगितलं. असा माझा बेत ठरला.

वर्गाला संघदीप सर होते. वयाने तुमच्या अंकुरएवढे, पण शिकवायला लागले की आजोबांसारखे शांत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं राहून इंग्रजीत पूर्ण नाव सांगायला लावलं. बाकीची पोरं-पोरी फटाफट सांगून बसली. मी उभी राहिले. ‘माय नेम इज पंचफुला’ इथवर गाडी नीट आली. पुढे तुमच्या भावाचं नाव. तिथे मी खोकले आणि मग ‘गावंडे’ म्हटलं. सर म्हणाले, ताई, मधलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा त्यांनी खिशातून सर्दीची गोळी काढून दिली. (घेतली. बिचाऱ्याचा मान ठेवायला.) आता तुम्हीच सांगा, जन्मात कधी सरळ नाव घेतलेलं नाही. घेतलं ते उखाण्यात, चार बायकांनी दार अडवल्यावर. आणि ते गेल्यापासून तर दारही कोणी अडवत नाही. तलाठी त्यांचं नाव घेतो, बँकेतली पोरगी घेते, रेशनवाला माझ्याचसमोर मोठ्याने ओरडतो. मी सोडून सगळे घेतात.

गावात मात्र माझी फार पत वाढली. मी इंग्रजी शिकते म्हटल्यावर देवराव फवारणीची बाटली घेऊन आले, यावर काय लिहिलंय वाच म्हणाले. मी त्यातला एकच शब्द ओळखला, तो म्हणजे ‘आणि’. शेजारची रुखमाबाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. ती तर कोणत्याच भाषेत नव्हती. मी दोघांनाही सांगितलं की मी वाङ्मय शिकते, यात वाङ्मय नाही. देवराव बाटली उलटीपालटी करून म्हणाले, ‘मंग अख्ख्या इंग्रजीत तुले फक्त न लागनारंच शिकवून राह्यले का?’ याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. बाटली त्यांनी कृषी सहायकाकडून वाचून घेतली.

खरं तर आश्चर्याची भाषा आहे ताई ती. लिहितात एक, बोलतात दुसरंच. नांगराला ‘प्लाव’ म्हणतात. पण लिहिताना शेवटी दोन अक्षरं जास्त असतात, ती बोलायची नाहीत. मी सरांना विचारलं, मग ठेवली कशाला? ते म्हणाले, ती मूक अक्षरं आहेत, पूर्वी बोलत असत, आता बोलत नाहीत, पण काढली तर शब्द चुकतो. मी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले. नांगर पुढे गेलेला आणि ही दोघं काही न बोलता बांधावर बसलेली. मला अंकुरच्या हळदीचा दिवस आठवला. सगळ्या जणी ओळीने नावं घेत होत्या, हसणं चाललं होतं, पाळी सरकत सरकत माझ्याजवळ आली आणि तुम्ही घाईने म्हणालात, ‘पंचफुला, जाय बरं, चाय उतू जाऊन राह्यला का पाहून ये.’ मी गेले. (शेगडी पेटलेलीच नव्हती.) ताई, मी बोल लावत नाही. ते गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि बायका एकमेकींकडे पाहायला लागायच्या आत तुम्ही मला तिथून उठवलंत ते मायेनेच, हे मला कळतं. मी फक्त सांगते आहे की प्लावमधली ती दोन अक्षरं मला लगेच पाठ झाली.

दुसऱ्या वर्षी माझी मोठी फजिती झाली. एका गोष्टीत एक इंग्रज बाई सारखी आपल्या ‘लेट’ नवऱ्याबद्दल बोलत होती. मला तिचा इतका कळवळा आला! तुमचे भाऊ किती लेट असत ते तुमच्याइतकं कोणाला माहीत? दुपारच्या मुहूर्ताला स्वतःची वरात घेऊन दिवेलागणीला पोचलेला माणूस. ‘निंगूनच राह्यलो’ असा फोन आला की समजावं, अजून अंघोळ व्हायची आहे. मी उत्तरात मन लावून दीड पान लिहिलं की सदर बाईचा नवरा कधीच वेळेवर घरी येत नाही, त्यामुळे जेवण थंड होतं, तरी ती त्याच्याबद्दल वाईट शब्द बोलत नाही, यावरून तिचा सोशिक स्वभाव दिसतो. सरांनी ते वाचलं. मला वर्ग सुटल्यावर थांबवलं आणि हळूच सांगितलं की ताई, इंग्रजीत नावाआधी लेट लावला म्हणजे तो माणूस वारलेला असतो.

मला आधी हसू आलं. हसतच बसमध्ये बसले. घारफळच्या पुढे हसू थांबलं. त्या शेवटच्या दिवशीही बाजारातून फोन आला होता, ‘निंगूनच राह्यलो.’ मी कणीक मळून ठेवली होती, पोळ्या गरमच टाकू म्हणून. मग दुसऱ्याच माणसाचा फोन आला. ताई, आपण कैलासवासी लिहितो. कैलासवासी म्हटलं की माणूस पोचला, तिकडचा झाला. इंग्रजी त्याला पोचू देत नाही, वाटेतच ठेवते. नुसता उशीर झाला आहे म्हणते. ही भाषा ज्यांनी घडवली त्यांच्यात नक्की एखादी बाई असली पाहिजे जी परातीवर फडकं टाकून दाराकडे पाहत होती. (सर म्हणाले, त्या पोळ्या करत नाहीत. मग जे काय करत असतील त्यावर फडकं टाकून.) तेव्हापासून इंग्रजीवरचा माझा राग गेला. देवरावांनाही मी उत्तर दिलं, की न लागणारं नाही, लागणारंच शिकवतात, फक्त बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते म्हणाले, बरं आहे.

शेवटच्या वर्षाला कविता होती. एक दिवस सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, दोन ओळी, शेवटी यमक, अर्थ त्यातच पुरा, याला म्हणतात कपलेट. मी न राहवून म्हटलं, सर, हे तर नाव घेणं झालं. वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे ताई, पण यात नाव कुठं आहे?’ मी घरी जाऊन पुस्तक चाळलं. ताई, काय सांगू! तिकडच्या कवींनी पानंच्या पानं उखाणे घातले आहेत. यमकाला यमक, एक ओळ इकडची तिकडे नाही, कुठे अडखळणं नाही. अशी तयारी मी आपल्या दोन्ही घरांतल्या कोणत्याही सुनेची पाहिली नाही. आणि एवढं सगळं करून नाव कोणाचंच घेतलेलं नाही! चांदी आली, फुलं आली, वारा आला, आता नाव येणार म्हणून मी श्वास रोखून पान उलटायची, तर कवी पुढच्या डोंगरावर. इतकी सोन्यासारखी यमकं बिनानावाची गेलेली पाहून मला हळहळ वाटली.

आता तोंडी परीक्षेचं. ती यवतमाळला होती. लेखी सगळी झाली होती, पण तोंडीत नापास झालं तर निकाल अडकतो आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा. पुढच्या वर्षीपर्यंत दिपालीचं लग्न होऊन गेलं असतं, आणि पदवी हातात असल्याशिवाय तुमच्याकडे मागणं घालायची माझी छाती नव्हती. म्हणून मी इतकी घाबरले होते. पाठ केलेलं सगळं बसमध्ये म्हणून पाहिलं तर सगळं येत होतं. (शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.)

बाहेरगावचे एक परीक्षक होते, सुटाबुटातले, टेबलावर थर्मास. बाजूला संघदीप सर. पहिले दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग परीक्षकांनी विचारलं, कपलेट म्हणजे काय? मी सांगितलं. म्हणाले, उदाहरण द्या. आणि ताई, डोकं सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ झालं. एक ओळ आठवेना. पंखा फिरतो आहे, परीक्षक पाहत आहेत, संघदीप सर आपल्या बुटांकडे पाहत आहेत. दोन ओळी, शेवटी यमक, एवढंच डोक्यात. सगळे माझ्याकडे बघून थांबलेले. असं कधी होतं हे तुम्हाला माहीत आहे. दार अडवल्यावर होतं. माझा हात आपसूक पदराकडे गेला, मी पदर सारखा केला, मान खाली घातली, आणि तोंडातून आलं,

‘ब्लॅक इज द सॉइल, हेवी इज द प्लाव,
आय टेक द नेम ऑफ पंजाबराव.’

इंदुताई, इतक्या वर्षांनी. आणि सरकारी खुर्चीत बसून. मला वाटलं आता भिंत पडते, पण काहीच झालं नाही, पंखा तसाच फिरत राहिला. परीक्षक खूश झाले. यमक बरोबर आहे म्हणाले. मग इंग्रजीत विचारलं, हे पंजाबराव कोण? मी म्हटलं, माय हजबंड. ते म्हणाले, अरे वा, सोबत आले आहेत का, बाहेर आहेत का? मी शिकले होते तसं अगदी बरोबर उत्तर दिलं. ‘ही इज लेट, सर.’

तर परीक्षकांनी घड्याळ पाहिलं! आणि मराठीत म्हणाले, ‘असू द्या, येतील. एसटीचं काही खरं नसतं.’

मला काय झालं ते सांगता येत नाही. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि दोन्ही थांबेनात. दुसऱ्या वर्षाला मी जी चूक केली तीच एवढ्या शिकलेल्या माणसाने केली म्हणून मला त्याच्याबद्दल भावासारखी माया वाटली. आणि शिवाय तो ज्या खात्रीने ‘येतील’ म्हणाला ना, तसं मला या सगळ्या वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. संघदीप सर त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. परीक्षकांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे सरकवला आणि अगदी हळू आवाजात, जशा आपल्याकडच्या बायका म्हणतात तसंच म्हणाले, ‘अजून एक घ्या.’ मला आधी कळेना, चहा की नाव. मग कळलं. मी म्हटलं, नाही सर, एका बैठकीत एकच घेतात.

गुण मात्र त्यांनी बेताचेच दिले. नंतर संघदीप सरांनी सांगितलं की पहिल्या ओळीतली मात्रा जरा लंगडते म्हणून कापले. मला ते आवडलं. दयेने दिले असते तर पदवी फुकटची वाटली असती. सेकंड क्लास आला आणि कागदावर छापून आलं, पंचफुला पंजाबराव गावंडे. मधलं नाव छापताना छापखान्याला एकदाही खोकला आला नाही. ते वाचनालयात दाखवलं तर सदाशिवरावांनी इंग्रजीच्या कपाटाला नवं कुलूप आणलं आणि चावी माझ्याकडे दिली. कुंभारमाश्यांना मात्र आम्ही हलवलं नाही. त्या माझ्या आधीच्या वाचक.

दिपालीला आशीर्वाद. तिच्या सासरच्यांना माझ्या पदवीबद्दल सांगू नका, नाहीतर लग्नात फवारणीची बाटली घेऊन येतील. भाऊजींना नमस्कार, जरा मोठ्या आवाजात सांगा.

तुमची भावजय,
पंचफुला

ता. क. दिपालीसाठी साडी घेतली आहे. रंग डाळिंबी. आवडला नाही तर बदलून मिळेल, पण आवडेल.

ता. क. दुसरा. साडीसाठी कोणी एवढं लांब पत्र लिहीत नाही हे तुम्हाला कळलंच असेल. मागणं असं. हळद लावायचा मान मला नको, तो पाच जणींचा, त्यांनी लावावी. पण नावं घेताना पाळी माझ्याजवळ आली की मला चहा पाहायला पाठवू नका. तुम्हीच मोठ्याने म्हणा, घे व पंचफुला. तुम्ही म्हटलंत तर कोणी काही बोलणार नाही. तुमच्याच भावाचं नाव आहे, तुम्हालाही ऐकून पुष्कळ दिवस झाले असतील.

ता. क. तिसरा. कोणी तोंड वाकडं केलंच, तर सांगा की ती नाव घेत नाही, इंग्रजी वाङ्मय म्हणून दाखवते आहे. त्या दोन ओळींची मात्रा मी आता दुरुस्त केली आहे. आणि बाभुळगावहून यवतमाळ, तिथून गाडी बदलून तुमच्याकडे, म्हणजे मला लेट होणारच. आपल्या मराठीतला लेट, इंग्रजीतला नव्हे. तेव्हा माझी पाळी यायच्या आत पोचले नाही तर ओळ जरा थांबवून ठेवा. निंगूनच राह्यली.